दोघींची गुलाबबारी

माझ्या पायांना पहिल्यांदा मुंग्या आल्या तेव्हा मी सातवीच्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते. फळ्यापाशी फार वेळ उभी राहिले म्हणून असेल, असं वाटून खुर्चीत बसले. घंटा झाल्यावर उठायला गेले तर उठताच येईना. पुढच्या बाकावरच्या मुलींनी दंडाला धरून उभं केलं. त्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली. चक्कर नव्हती. डोकं अगदी स्वच्छ होतं, फक्त गुडघे माझे राहिले नव्हते.

हे नव्वदच्या दशकातलं, वाईचं. माझी पंचविशी उलटली होती, घरात आई आणि मी दोघीच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना, तेव्हा आई मला साताऱ्याला घेऊन गेली. तिथे पाठीच्या मणक्यांचा फोटो काढला, तो उत्तम आला. माझ्या लग्नाचं बघणं चालू आहे हे आईच्या बोलण्यातून निघाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी समजल्यासारखी मान हलवली. "मनावर ताण आलाय. शांत झोप लागेल अशी गोळी देतो," म्हणाले. झोप खरंच छान लागली. उठले तेव्हा चहाचा कप उचलत नव्हता, आणि आरशात पाहिलं तर चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. शेजाऱ्यांनी त्यांची व्हॅन काढली, मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि आम्ही मिरजेचा रस्ता धरला. दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे.

तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर एक उंच, रुंद हाडाची बाई उताणी पडली होती. पंचेचाळिशीची असेल. तिला मानसुद्धा नीट वळवता येत नव्हती, पण डोळे मात्र सगळ्या वॉर्डभर फिरत होते. माझी खाट लागताच ते माझ्यावर येऊन थांबले.

"कुठनं आलासा?" तिने विचारलं.

"वाईहून," आई म्हणाली.

"आमी कुंडलचं. तुमच्या पोरीचं पाय गेलं का हात?"

आईला तो प्रश्न मुळीच आवडला नाही. पण मी उत्तर दिलं, "दोन्ही. आणि तोंड पण."

"माजं तोंड तेवडं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "मालक हितं असतं तर म्हनलं असतं, त्येच जायला पायजे हुतं."

मी हसले. म्हणजे आतून हसले. बाहेर चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. सगळा वॉर्ड त्यांना काकी म्हणायचा. काकींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हसतीयास का रडतीयास, कायच कळना पोरी," त्या म्हणाल्या, आणि आमची ओळख झाली.

कुंडलच्या काकींची हकीकत माझ्यासारखीच होती, फक्त मिरजेपर्यंतचा रस्ता वेगळा होता. उसात तण काढायची भांगलण करताना त्यांच्या पायात मुंग्या आल्या. दिवसभर वाकून काम केलं म्हणून असेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. मग कुणी तेल चोळलं, कुणी हाड बसवणाऱ्याला बोलावलं, शेवटी एका देवऋष्याने अंगारा लावून वारं लागल्याचं सांगितलं. उसाच्या सरीतून घरी येताना त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत, तेव्हा दिराने जीप आणली.

आम्हा दोघींना एकत्र पाहून सगळ्यात जास्त आनंद झाला तो आमच्या डॉक्टरीणबाईंना. त्या पुढचं शिक्षण घेत होत्या. बारीक अंगाच्या, गळ्यात स्टेथोस्कोप, एप्रनच्या खिशात गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी. आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयच हा होता: आम्हाला झालेला आजार खेड्यातल्या आणि शहरातल्या रोग्यांमध्ये वेगवेगळा वागतो का? एक खेड्यातली, एक शहरातली, शेजारीशेजारी, एकाच आठवड्यात. दुसऱ्या कुणाला लॉटरी लागल्यावर जसा चेहरा होईल, तसा त्यांचा झाला होता. तो लपवायचा त्या फार प्रयत्न करत होत्या.

"मी शहरातली?" मी विचारलं. "वाई म्हणजे काही मुंबई नव्हे."

"नगरपालिका आहे ना? नळाचं पाणी आहे ना? मग शहर," त्या म्हणाल्या. आईला ते फार बरं वाटलं.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, गुलियन-बॅरे. शरीराचं रक्षण करणारी जी ताकद असते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते, त्यामुळे हातपाय लुळे पडतात. पण ती चूक शरीराच्या हळूहळू लक्षात येते आणि बहुतेक जण बरे होतात, असं त्या म्हणाल्या. काकींनी नाव दोनदा पुटपुटून पाहिलं.

"गुलाबबारी," त्या म्हणाल्या. "नाव तर लय ग्वाड हाय."

पुढे वॉर्डात तेच नाव रूढ झालं. नर्ससुद्धा "गुलाबबारीच्या दोघी" म्हणायच्या.

डॉक्टरीणबाईंचे प्रश्न हा आमच्या दिवसातला मोठा कार्यक्रम असायचा. पाणी कुठलं पिता, जनावरं किती, चूल की गॅस, काम बसून की उभ्याने. एकदा त्यांनी विचारलं, "आजारापूर्वी पोट बिघडलं होतं का?"

काकी म्हणाल्या, "व्हय तर. पाटाचं पानी पिल्ते. धा दिस झालं असतील."

"आमच्याकडे असलं काही होत नाही," आई लगेच म्हणाली. "आम्ही पाणी गाळून, उकळून पितो."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तसंच लिहून घेऊ लागल्या. आई पदराशी चाळा करू लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "श्रीखंड होतं."

"कुठे?"

"मुंजीला. माझ्या बहिणीकडे." आईला ते सांगणं जड जात होतं, कारण मावशीच्या स्वयंपाकाची ती कुणापुढेही वाखाणणी करत असे. "सगळ्या पंगतीची पोटं बिघडली. पण कृपा करून हे तुमच्या पुस्तकात घालू नका."

काकींना इतकं हसू आलं की त्यांना धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी हसता हसताच त्यांची नाडी धरली.

त्यांचं लक्ष आमच्या श्वासावर असायचं. हातपाय गेले तरी ते परत येतात, पण हा अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर श्वास थांबू शकतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्या आम्हाला एका दमात आकडे म्हणायला लावत. काकींना ते आवडेना. "शाळंत बी मला आकडं म्हनताना झोप यायची," त्या म्हणाल्या. "गाव म्हनू का?"

"कुठली गावं?"

"यष्टीची. मिरज, सांगली, माधवनगर, कवलापूर, तासगाव, पलूस, कुंडल!" एका दमात त्या घरी पोचल्या.

मला वाईपर्यंत जायचं म्हणजे सांगली, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा, पाचवड. माझी गाडी कराडलाच थांबे. हा खेळ न्याय्य नाही, अशी मी तक्रार केली तेव्हा काकींनी उदारपणे त्यांच्या वाटेवरचे सगळे फाटे, वस्त्या आणि एका साखर कारखान्याचं गेट मध्ये घातलं. डॉक्टरीणबाई येताच वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही ऐकायला सरसावून बसत. आज कुणाची गाडी कुठवर जाते, यावर त्यांच्यात चर्चा चाले.

मग एका दुपारी काकींची गाडी माधवनगरलाच थांबली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "मिरज, सांगली..." आणि पुढे नुसते ओठ हलले. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे गेलं. काही मिनिटांत खाट ढकलत त्यांना श्वासाच्या यंत्राच्या खोलीत नेलं. शेजारी मोकळी फरशी तेवढी उरली. मी त्या फरशीकडे बघत पडून होते, कारण मान दुसरीकडे वळवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. माझे डोळे नीट मिटत नव्हते. त्यामुळे पाणी आलं की ते पुसायला आईलाच यावं लागे.

काकींचे मालक सैन्यात हवालदार होते. तार मिळाल्यावर ते सीमेवरून निघाले ते थेट मिरज स्टेशनवर उतरून वर्दीतच, खांद्यावर बिस्तरा घेऊन वॉर्डात आले. मोकळी जागा पाहून दारातच थबकले. आई उठून पुढे गेली. माझी आई परक्या पुरुषाशी सहसा बोलत नसे, पण तिने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "त्या आहेत. यंत्र लावलंय. डॉक्टर म्हणतात, बऱ्या होतील."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आजार समजावून सांगितला. ते ताठ उभे राहून ऐकत होते. "म्हंजे आपलीच फौज आपल्याच चौकीवर फायरिंग करतीया," ते म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग थांबल. चूक कळली की थांबतंच फायरिंग." आणि त्या दिवसापासून ते यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. भेटीच्या वेळी आत जाऊन ते काकींना भावाकडून कळलेली शेताची बातमी रोज देत. काकींना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. उसाला पाणी दिलं, म्हैस व्याली, रेडी झाली. आई त्यांच्यासाठी डबा करू लागली. दवाखान्याच्या मागे नातेवाइकांसाठी स्वयंपाकाची पडवी होती, तिथे स्टोव्हवर ती आमटी-भात करी आणि मुद्दाम तिखट जास्त घाली. "त्यांना आपलं गोडसर चालायचं नाही," म्हणे. हवालदार काका ती आमटी घाम पुसत खात आणि "झकास" म्हणत. नंतर कळलं की त्यांना तिखट सोसतच नव्हतं. इतकी वर्षं फौजेच्या लंगरमधलं बेताचं खाऊन सवय मोडली होती.

काकी परत आल्या तेव्हा मी उशीला टेकून बसायला लागले होते. खाट ढकलत आणली, जागच्या जागी लागली. काकींचा घसा बसला होता. सगळा वॉर्ड कान देऊन होता. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गाडी पंक्चर झालती. स्टेपनी घालून आले."

वॉर्डात जो हशा पिकला, त्याने नर्स धावत आली. आणि तेव्हा आई एकदम ओरडली, "अगं, तुझं तोंड!" माझ्या ओठाचा उजवा कोपरा वर गेला होता. अर्धंच हसू होतं ते, एका बाजूचं, पण खरं होतं. आईने पर्समधला छोटा आरसा काढून समोर धरला. ते वाकडं हसू इतकं विचित्र दिसत होतं की मला आणखी हसू आलं, आणि मग त्या कोपऱ्याला थांबवणं कठीण झालं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत उन्हाचे आहेत. डॉक्टरीणबाईंनी बोटांना काम द्यायला सांगितलं. चेंडू दाबायला दिला, पण काकींना चेंडू म्हणजे पोरखेळ वाटला. त्यांनी मालकांना सांगून ज्वारीचं पीठ मागवलं. व्हरांड्यात चटई घातली, परात ठेवली, आणि मला म्हणाल्या, "बस. पीठ मळ."

मी जन्मात भाकरी केली नव्हती. आमच्याकडे पोळ्या. माझ्या लुळ्या बोटांतून पीठ निसटायचं, गोळा व्हायचाच नाही. काकींना स्वतःला करून दाखवता येत नव्हतं, त्यांचे हात अजून मांडीवर पडून होते. त्या नुसत्या तोंडाने शिकवत. "तळव्यानं रगाड. आता फिरीव. आगं, थाप. तिला काय गोंजारतीयास व्हय!" पहिली भाकरी झाली तिचा आकार काय होता, यावर हवालदार काका आणि डॉक्टरीणबाईंचं एकमत झालं नाही. आईने ती पडवीत नेऊन भाजून आणली. आम्ही सगळ्यांनी तिचे तुकडे करून चटणीबरोबर खाल्ले. डॉक्टरीणबाईंनी राउंड थांबवून दोन तुकडे खाल्ले.

काकींचे हात हलायला लागल्यावर आईने त्यांना आपलं काम दिलं. आई रिकामी बसत नसे, कापसाच्या वाती वळत असे. चिमटीला त्याच्याइतका चांगला व्यायाम नाही, असं तिने डॉक्टरीणबाईंना पटवलं. काकी नेटाने बसल्या. पण त्यांची वात अंगठ्याएवढी जाड व्हायची.

"अहो, ही वात आहे की दोरखंड?" आई म्हणाली.

"आक्का, ह्यो कासरा हाय," काकी गंभीरपणे म्हणाल्या. "म्हस बांधायची सोय केली."

आई तोंडाला पदर लावून हसली. मी तिला इतकं हसताना वडील गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

सकाळी हवालदार काका आमची परेड घेत. खाटेला धरून उभं राहायचं, मग खाट सोडायची. "सावधान!" म्हटलं की काकी शिवी पुटपुटत आणि उभ्या राहत. मी त्यांच्या आधी चालायला लागले. ते होणारच होतं, माझ्या छातीपर्यंत अशक्तपणा चढलाच नव्हता. पण डॉक्टरीणबाई जरा गोंधळल्या. त्यांचा अंदाज होता की शेतात राबलेलं शरीर लवकर सावरेल. आणखी एक अंदाज होता की शहरातला रोगी लवकर दवाखान्यात पोचतो. हिशेब केला तर मुंग्या येण्यापासून मिरजेत पोचेपर्यंत दोघींनी सारखाच वेळ घालवला होता. एकीने देवऋष्याकडे आणि एकीने झोपेच्या गोळीत.

"मग तुमच्या प्रबंधाचं काय?" मी काळजीने विचारलं.

"चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "फरक नाही हे सापडणं म्हणजेसुद्धा काहीतरी सापडणंच. शिवाय तुम्ही दोघीच नाही, आणखी रोगी आहेत माझे. पण बाकी कुणी भाकऱ्या केल्या नाहीत."

आम्ही घरी गेलो. हवालदार काका ड्यूटीवर परतले. मी आधी काठी घेऊन आणि मग काठीशिवाय शाळेत जाऊ लागले. फळ्यापाशी खुर्ची मात्र ठेवली. लग्नाचं बघणं आईने स्वतःहून पुढे ढकललं, आणि मला त्याचं दुःख अजिबात झालं नाही.

वर्षभराने डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. सांगलीत डॉक्टरांची सभा होती, तिथे त्या आपलं काम मांडणार होत्या. आम्ही दोघींनी यावं, अशी त्यांची इच्छा होती. काकी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आल्या होत्या. आम्हाला व्यासपीठावर खुर्च्या दिल्या. अंधार करून पडद्यावर आकड्यांचे तक्ते दाखवले. दिवे लागल्यावर एक पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर उठून आमच्यापाशी आले.

"आता काही त्रास आहे का?" त्यांनी काकींना विचारलं.

"पायात मुंग्या हायेत अजून," काकी म्हणाल्या. "पर आता त्या वळखीच्या झाल्यात."

सभागृह हसलं. मोठ्या डॉक्टरांनी हातोडी मागितली. या आजारात गुडघ्यावर मारलं तरी पाय उडत नाही, आणि बरं झाल्यावरही पुष्कळ काळ उडत नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. मग माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय गप्प. "बघा," ते म्हणाले. मग काकींच्या गुडघ्यावर मारलं. काकींचा पाय जो उडाला, तो त्यांच्या पायातल्या नव्या चपलेसकट. चप्पल पहिल्या रांगेत जाऊन पडली.

पहिल्या रांगेतल्यांनी पाय आखडून घेतले. मग आमच्या डॉक्टरीणबाई सगळं विसरून टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या तक्त्यात काकींच्या नावापुढे याच्या उलटच नोंद होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. मोठे डॉक्टर स्वतः वाकून चप्पल घेऊन आले. काकींची भीतीने गाळण उडाली होती. "आवं सायब, म्या न्हाई मारला. त्यो आपसूक ग्येला!"

"हेच तर हवं होतं, बाई," ते म्हणाले, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

काकी मला तिथूनच कुंडलला घेऊन गेल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. हवालदार काका तेव्हा कायमचे घरी आले होते आणि शेतावर गुऱ्हाळ लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुढे गेले, आणि आम्ही दोघी मागून बांधावरून निघालो. उसाला नुकतंच पाणी दिलं होतं. बांध ओला होता. माझा पाय सटकला, मी काकींचा हात धरला, आणि आम्ही दोघी एकमेकींना घेऊन सरीत, थंडगार चिखलात बसलो.

लागलं कुणालाच नाही. पण उठायचं कसं? चालणं आलं होतं, जिना आला होता, पण जमिनीवरून उठणं दोघींनाही जमत नव्हतं. मी हात टेकले, ते चिखलात गेले. काकींनी उसाचं कांडं धरलं, ते मोडून हातात आलं.

"आता वं?" मी त्यांच्यासारखंच म्हणाले.

"मालकास्नी हाक मारू?"

"नको."

"नकोच. सावधान म्हनत्यात," काकी म्हणाल्या, आणि आम्हाला हसू यायला लागलं. हसलं की असलेली ताकदही जायची. थोडं शांत झाल्यावर काकींना काहीतरी सुचलं. त्या सरकत सरकत माझ्या मागे आल्या आणि पाठीला पाठ लावून बसल्या. "पोरी, तू मला रेट, मी तुला रेटते. पाय रोव."

मी पाय रोवले. त्यांची रुंद, उबदार पाठ माझ्या पाठीवर दाबली गेली. आम्ही रेटलं. थोडं वर गेलो, पुन्हा बसलो. पुन्हा रेटलं. या वेळी मी हसू दाबून धरलं. गुडघे थरथरत सरळ झाले, आणि एकदम उसाची पाती माझ्या तोंडाच्या उंचीवर आली. मी वळून पाहिलं तर काकीही उभ्या होत्या. इरकली लुगड्याची जागा घेतलेलं त्यांचं रोजचं पातळ कमरेपर्यंत चिखलाने माखलं होतं आणि त्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. गुऱ्हाळाकडून गरम काकवीचा वास येत होता.

"चल," त्या म्हणाल्या, "रस हाय तवर प्यावा."

आम्ही हात धरून, बांध सोडून, सरळ सरीतूनच निघालो.